उपचार अर्ध्यावर का सुटतो?



महोत्सवाच्या या मंगल समयी धर्मग्रामाच्या वैभवाचे स्मरण करणे उचितच होय. तथापि देवळात ज्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, त्यांचाही विसर पडू नये. मद्याच्या किंवा झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्या भगिनी त्यांतल्याच. पुरुष प्याला, तर त्यास आजारी म्हणण्याइतके आपण शहाणे झालो. स्त्री प्याली, तर तिला अद्यापि कुलटा ठरवितो. म्हणून ती लपून पिते आणि उपचाराचे दार फार उशिरा ठोठावते. त्यातून स्त्रीदेहास मद्याचा अपाय पुरुषापेक्षा लवकर घडतो.

आश्रयस्थाने नाहीत असे नव्हे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळात कृपा फाउंडेशनचा आरंभ केला. तिचे केंद्र वसईतही आहे. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण स्थापिले. पुढे तेथे स्त्रियांसाठी निशिगंध विभाग निघाला. तेथे राहून जे उपचार पुरा करितात, त्यांस सावरण्याची आशा अधिक. मग स्त्री मध्येच का परतते?

'तिचा स्वभावच तसा,' हे उत्तर सोपे आहे. स्वभावाचा भाग आहे खरा: एखादी उतावळी, एखादी सदा चिंतातुर. परंतु स्वभाव तिने आणिला. ओझे पुष्कळदा आपण लादिले. नवऱ्याची मारहाण, सावकाराचे कर्ज, माहेरी-सासरी टोमणे! जे दुःख विसरण्यास पेला हाती घेतला, ते पेला सुटताच पहिल्या दिवसांत सगळेच्या सगळे जाणवू लागते. त्याच वेळी घरून निरोप येतो, 'पोर तापाने फणफणले आहे, कधी येतेस?' आणि ती गाठोडे बांधते. ही दुर्बलता म्हणावी, की मातृहृदय?

अमेरिकेतील ॲक्रन शहरी सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ साली डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्यासह मद्यासक्तांस सेंट थॉमस रुग्णालयात घेण्यास आरंभ केला. पूर्वी संगीत शिकविताना कामाच्या ताणाने त्या स्वतः खचल्या होत्या. म्हणून खचलेल्यांस त्यांनी हिणविले नाही. निघणाऱ्या रोग्यास त्या येशूच्या पवित्र हृदयाचे पदक देत आणि सांगत की, पुन्हा पिण्यापूर्वी हे मला परत आणून द्यावे. मोहाच्या घटकेस परत जाण्याजोगे एक दार त्यास असे.

असे दार आपले धर्मग्राम होऊ शकेल काय? तिच्या लेकरांस शेजारणीने चार घास घालावे. सासूने निरोपात तक्रार धाडू नये. नवऱ्याने कुटुंबीयांच्या सभांस जावे. जेथे मारहाण आहे, तेथे 'सोस, बाई' असा उपदेश न करिता तिला सुरक्षित स्थळी पोहोचवावे. आणि ती परतल्यावर तिचे नाव विहिरीवर चघळू नये.

लूककृत शुभवर्तमानात अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीस प्रभूने स्वतः होऊन जवळ बोलाविले. ती का वाकली, हे त्याने विचारिले नाही; तिला सरळ उभे केले. कुरकुर केली ती सभास्थानाच्या अधिकाऱ्याने. आपण कोणाच्या बाजूस उभे राहावे, हे प्रत्येकाने आज आपल्या अंतःकरणास विचारावे.

पवित्र मरिया, दुःखितांची माता, आपल्या या लेकींस सांभाळो. आमेन.