परसांतलीं बेलवांगीं



माझी आजी टोमॅटोला ‘बेलवांगें’ म्हणे. वऱ्हाडांत त्यालाच ‘भेदरें’ म्हणतात. हें वांग्याचें नातें लोकांनीं रूप पाहून जोडलें असेल. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंहि तें खरें आहे. टोमॅटो, वांगें, मिरची व बटाटा हीं एकाच कुळांतलीं भावंडें. हा पाठ मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविला आणि एकदां स्वतःच विसरलों. त्या विसराची किंमत मात्र दुसऱ्यानें दिली. ती हकीकत शेवटीं सांगतों.

आमचें खडवली गांव भातसा नदीच्या काठीं, कल्याण-कसारा लोहमार्गावर आहे. येथल्या मुसळधार पावसांत टोमॅटो लावणें म्हणजे करपा रोगाला आमंत्रण. म्हणून घटाभोंवतीं धान्य रुजत घालतांनाच टोमॅटोचें बीं पेरावें. दिवाळीच्या सुमारास रोपें वीतभर होतात. तीं संध्याकाळीं लावावीं. संक्रांतीनंतर फळ हातीं येतें. चैत्रांत रात्रींचा उष्मा वाढला कीं फुलें गळूं लागतात. परस नसेल त्यानें हातभर खोल कुंडी घ्यावी. बुडाला भोंकें असावींत आणि दिवसाकांठीं सहा तास ऊन मिळावें.

आतां जातींविषयीं. दिल्लीच्या संशोधन संस्थेची ‘पुसा रुबी’ चपटी, किंचित् खांचेदार व आंबट, आमटीसाराला उत्तम. ‘रोमा’ लांबट, जाड गराची व झुडपी, कुंडींत शोभते. राहुरीच्या कृषि-विद्यापीठाची ‘भाग्यश्री’ गर्द लाल, कमी बियांची. द्राक्षांसारख्या घोसांनीं लागणाऱ्या चिमुकल्या ‘चेरी’ टोमॅटोवर मुलांचा लोभ फार. बंगळुरूच्या संस्थेची ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ, मर व करपा या तीन रोगांना तोंड देते. पण ती संकरित असल्यानें तिचें बीं घरीं धरूं नये, पुढील पिढी तशीच निपजत नाहीं.

वेलासारख्या वाढणाऱ्या जातींना काठीचा आधार द्यावा व बगलफुटवे खुडावे. झुडपी जातींचे खुडूं नयेत. पाणी थोडें परंतु नेमानें द्यावें. चार दिवस कोरडें आणि पांचव्या दिवशीं पूर, असें केल्यास फळाच्या बुडाशीं काळा डाग पडतो. तो कीड नव्हे. पाण्याच्या अनियमितपणामुळें फळाला चुना पोंचत नाहीं, त्याची ती खूण होय.

फळ पिकविण्याविषयीं एक गैरसमज आहे. पुष्कळजण हिरवे टोमॅटो खिडकींत उन्हांत मांडतात. पिकण्यास ऊन नको, माफक ऊब हवी. फळाच्या टोंकाशीं गुलाबी छटा दिसली कीं तें खुशाल तोडावें. घरांतहि तें चांगलें पिकतें. आंब्याची अढी आपल्याला ठाऊक आहेच. तोच न्याय येथें लागतो: पेटींत कागद पसरून फळें एकाच थरांत ठेवावीं व शेजारीं एक पिकलेलें केळें ठेवावें. त्यांतून निघणारा इथिलीन वायु पिकण्यास चालना देतो. हिरवें फळ जून आहे कीं कोंवळें, हें पाहण्यास एक कापावें. आंत बुळबुळीत गर असून बिया सुरीखालून निसटल्या, तर तसलीं फळें पिकतील; बिया कापल्या गेल्या, तर तीं कोंवळीं, त्यांची भाजीच करावी. वीस ते पंचवीस अंश उष्णता योग्य. तीसच्या वर लाल रंग नीट भरत नाहीं, फळ पिंवळसर राहतें. अर्धकच्चें फळ फ्रीजमध्यें ठेवूं नये. त्याचा स्वाद मरतो.

आतां ती हकीकत. माझा एक जुना विद्यार्थी, कारखान्यांतलें काम सुटल्यामुळें घरीं बसलेला, मला म्हणाला, “गुरुजी, वांग्याचा वाफा मोकळा झालाय, काय लावूं?” मी म्हणालों, “टोमॅटो लाव.” त्यानें उसने पैसे काढून दोनशें रोपें लावलीं. फळें सुपारीएवढीं झालीं, आणि एका सकाळीं हिरवींगार रोपें माना टाकून उभीं! पाणी कमी पडलें असें समजून आम्हीं आणखी पाणी सोडलें. रोग त्या पाण्याबरोबर सरींतून पसरला. पंधरवड्यांत वाफा संपला. एका जाणत्या शेतकऱ्यानें खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत धरला. कांहीं मिनिटांत दुधासारखे धागे खालीं उतरूं लागले. ते मर रोगाचे जीवाणु. वांग्याच्या पिकापासून ते मातींत दबा धरून होते.

तो मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं. तें अधिक लागलें. पुढच्या वर्षीं त्या वाफ्यांत त्यानें मका लावला, आणि टोमॅटो दूर, बांधापलीकडे, ‘अर्का रक्षक’ जातीचे. माघांत पहिलीं दोन फळें तो माझ्या ओटीवर ठेवून गेला.

१९२१ नव्हे, २०२१ सालीं भाव कोसळल्यानें नाशिककडील शेतकऱ्यांनीं टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैंत तेच फळ शहरांत किलोला दीडशें रुपयांच्या वर गेलें. परसांतल्या चार रोपांनीं ही विषमता मिटणार नाहीं. पण एक फळ पिकविण्यास किती जपावें लागतें, हें ज्यानें अनुभवलें, तो बाजारांत घासाघीस करतांना क्षणभर थांबेल. तेवढ्यासाठीं तरी यंदा चार रोपें लावा. मात्र वांग्याच्या जागीं लावूं नका.