लांब केसांची उभारी



आरशापुढे येऊन बसलेली लांब केसांची बाई रबर काढता काढताच मला सांगते, "लांबी आहे हो, पण अंगच नाही केसांना. डोक्यावर चप्प बसतात." पाठोपाठ विचारते, "कापूनच टाकू का?" नाटकांसाठी आणि लग्नसराईत केशरचना करणं हे माझं काम, आणि हा प्रश्न ऐकला की मला मनापासून वाईट वाटतं. कमरेपर्यंत पोचलेला केस म्हणजे पाच-सहा वर्षांची वाढ असते. ती कात्रीच्या हवाली करण्याआधी केस चप्प का बसतात हे तरी समजून घ्यावं, एवढंच सांगायला मी आज इथे उभी आहे. केस दाट असणं आपल्या हातात नाही. ते भरलेले दिसणं मात्र पुष्कळसं हातात आहे, आणि त्याचं बहुतेक काम मुळापाशी, पहिल्या दोन इंचांत होतं.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. एका केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण गोल काडीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा सोळापट होतो. म्हणून दोघी बहिणींच्या डोक्यावर केस तेवढेच असले, तरी जिचा केस बारीक तिचे केस मुळाशी उभेच राहत नाहीत, उगवल्या जागी आडवे होतात. त्यात लांबीचं वजन. सत्तर सेंटिमीटर लांबीचे, मध्यम जाडीचे एक लाख केस धरले, तर ढोबळ हिशेबाने साडेतीनशे ग्रॅम भरतात. प्रत्येक केस आपला भार आपल्याच मुळावर टाकतो आणि मूळ खाली दाबतो. तिसरं कारण तेलाचं. टाळूतून सुटणारं तेल कुरळ्या केसावर रेंगाळतं, सरळ केसावरून झरझर खाली उतरतं. मग केस केसाला चिकटतो, मधली हवा जाते आणि एक लाख केसांच्या दोन-चारशे बटा दिसू लागतात.

वेणीच्या टोकाला उंदराची शेपटी का होते, हेही लगे हात सांगते. प्रत्येक केसाचं आयुष्य वेगळं असतं, दोन ते सहा वर्षांचं. दिवसाला पन्नास-शंभर केस गळणं ही रोजची रीत आहे, त्याला घाबरू नये. सगळे केस कमरेपर्यंत पोचत नाहीत, मधेच निवृत्त होतात. म्हणून शेवटचे दोन-तीन इंच विरळ दिसतात. एवढा भाग सरळ रेषेत कापला की खालची कड एकदम भरीव दिसते, आणि कात्रीला माझी परवानगी तेवढ्यापुरतीच आहे. पातळ लांब केसांवर डोक्यापासून स्टेप्स पाडण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. आठ दिवस वर पिसारा दिसतो, पण खालचं जे थोडंबहुत अंग असतं तेही निघून जातं, आणि अंबाडा घालायची वेळ आली की हातात काही येत नाही. थर हवेच असतील तर ते हनुवटीच्या खालून सुरू व्हावेत, आणि तेही दोन-तीनच.

आता न्हाण्याकडे वळते. शिकेकाई-रिठ्याने न्हालेला केस हाताला किंचित रखरखीत लागतो. बाजारातल्या शाम्पूंनी आपल्याला गुळगुळीत केसाची इतकी सवय लावली आहे की ही रखरख मुलींना नको वाटते. केशरचना करणाऱ्याला मात्र तीच हवी असते, कारण तिच्यामुळे केस केसाला धरतो आणि आकडा जागेवर राहतो. कंडिशनर लावायचाच तर कानाच्या खाली लावावा. टाळूपाशी लावलेला कंडिशनर मुळांना निजवतो. नवरीने डोक्यावरून आंघोळ लग्नाच्या आदल्या दिवशी करावी, हे मी प्रत्येक घरी सांगते. मुहूर्ताच्या सकाळी न्हालेल्या केसांतून पिना घसरतात, आणि मग त्यांची संख्या वाढवत न्यावी लागते.

केस ओला झाला की त्याच्या आत एक गंमत घडते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळला तो आकार तो पुढच्या पाण्यापर्यंत लक्षात ठेवतो. मधोमध भांग पाडून, ओले केस पाठीवर सोडून तुम्ही पंख्याखाली बसलात, तर चप्प बसण्याचा धडा तुम्हीच त्यांना दिलात. आपल्याकडे न्हाणं झाल्यावर बायका ओणव्या होऊन केस पुढे घेत आणि उदाच्या धुरावर आतून बोटं फिरवत ते वाळवत. सुवास येई तो वेगळा. पण केस टाळूपासून सुटलेले असताना मुळं वाळत, हा त्या रीतीतला खरा फायदा. आज ड्रायर घेऊन हेच करावं. मान खाली घालावी, आधी फक्त मुळं वाळवावी, डावीकडचे केस उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घेत. मुळं पूर्ण कोरडी झाली की मगच मान वर. भांगही अधूनमधून बदलावा, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी पाडलेल्या भांगाशी केस आडवे पडायला शिकलेले असतात. बोटभर बाजूला सरकवला तरी तिथे उठाव येतो.

याच बंधांमुळे दमट हवा आमची वैरी ठरते. चिपळूण-रत्नागिरीकडे प्रयोग असला की नुसत्या उष्णतेने फुलवलेले केस दुसऱ्या अंकापर्यंत बसतात. हवेतली वाफ तेच बंध पुन्हा सैल करते. तिथे रचनेवर भिस्त ठेवावी लागते. आत आधार हवा, गुंतवण हवी, आकडे हवेत.

म्हणून एका खोप्याचं काम सविस्तर सांगते. नऊवारीतली भूमिका, केस कमरेपर्यंत, पण बारीक आणि सरळ. आधी या कानापासून त्या कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे करून ठेवायचे. मागचा वरचा एक थर उचलून चापात अडकवायचा. हा झाकणाचा थर, याला काही करायचं नाही. त्याच्या खालचे केस बोटाच्या जाडीच्या पट्ट्यांनी घ्यायचे आणि प्रत्येक पट्टीच्या मुळापाशी, पहिल्या दोन इंचांतच, क्रिंपिंगचं यंत्र दाबायचं. केस बारीक नागमोडी होतो आणि शेजारच्या केसाला लांब ढकलतो. यंत्राला केस लागण्याआधी तो पूर्ण कोरडा असलाच पाहिजे. ओलसर केसाला तापलेलं यंत्र लावलं तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसात फुगे धरतात आणि पुढे तो तिथेच तुटतो. मग शेपटीच्या कंगव्याने त्याच पट्ट्या आतल्या बाजूने, टोकाकडून मुळाकडे, तीनदा-चारदा दाबायच्या. हेच बॅककोंबिंग, म्हणजे गुंतवण. वरून नाही, आतूनच. वरचा थर सोडून त्यावर अलगद फिरवला की डोक्याला गोलाई येते आणि ती कशी आली ते प्रेक्षकांतल्या कोणाला कळत नाही. मागे जाळीत बांधलेलं स्टफिंग, त्यावर वळवलेला पेड, आणि आकडे. आकडा आधी डोक्याच्या दिशेने उभा धरायचा, टाळूच्या जवळचे थोडे केस उचलायचे आणि मग उलटा फिरवून आत सरकवायचा, म्हणजे तो पकड घेतो. नीट घातलेले आठ आकडे घाईत खुपसलेल्या तीस आकड्यांना भारी असतात.

यातलं काहीच नवीन नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात बघणारी राजकन्या आहे. तिथली रेखलेली केशरचना डोळे भरून पाहावी. पॅरिसमध्ये मार्सेल ग्राटो यांनी १८७२ च्या सुमाराला तापलेल्या चिमट्याने लाटा पाडल्या. १९६० मध्ये शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट यांनी एका मासिकासाठी केसांचा उंच घुमट रचला, तो 'बीहाइव्ह' नावाने जगभर गेला. त्या दशकात आपल्या हिंदी चित्रपटांतल्या नायिकांच्या डोक्यावरही उंच पफ दिसू लागले. गुंतवण आणि भरणी ही त्या घुमटाची आणि पफांची कृती, म्हणजे आमच्या खोप्याचीच.

आता गंगावनाविषयी, कारण यावर बोलल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. गंगावन लावायला बायका लाजतात, लपवतात. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. केसांत केस मिळवून वेणी भरघोस करणं ही आपल्या घरांतली जुनी सोय आहे. पण गंगावन पारखून घ्यावं. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावाने विकतं. ते एका जुडीत कापलेले, म्हणून मूळ एकीकडे आणि टोक एकीकडे असतात. दुसरा माल गल्लोगल्ली फिरून, केसांवर फुगे किंवा भांडी देऊन जमवलेल्या गुंतवळाचा. तो गोळा करणाऱ्या कष्टकरी बायकांचं पोट त्यावर चालतं, त्या केसाला मी कमी लेखत नाही. पण त्यात मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. दिशा उलटी झाली की ते एकमेकांत अडकतात आणि गंगावनाचा गुंता होतो. विकत घेताना एक बट चिमटीत धरून वरून खाली आणि मग खालून वर ओढून पाहावी. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत लागली तर माल एका दिशेचा आहे. दोन्हीकडून सारखीच निसरडी लागली तर खवले रसायनाने काढून वरून लेप दिलेला असण्याची शक्यता आहे, काही धुण्यांनंतर तो लेप जातो.

गंगावन डोक्यावरच्या चार केसांना कधी बांधू नये. आधी आपल्याच केसांची बारीक वेणी घालून ती गोल फिरवून टाळूशी पिनांनी बसवावी, आणि भार त्या पायावर द्यावा. सतत ताणून बांधलेल्या केसांनी कपाळावरची आणि कानशिलावरची रेष मागे हटते, आणि ताण फार वर्षं राहिला तर तिथे केस परत येत नाहीत. नवरीच्या डोक्यावर गंगावन, स्टफिंग, गजरे, मुंडावळ्या आणि वर सोन्याचं फूल चढवताना हे सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं. ती "डोकं दुखतंय" म्हणाली की "आजचा दिवस सहन कर" असं तिला म्हणू नका. केशरचना करणाऱ्या बाईंना बोलवा, दोन आकडे काढून पुन्हा घालता येतात, आणि नीट घातले तर दुखणं थांबतं. केशरचना दुखत असेल तर ती चुकली आहे, असंच मी माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवते.

रोजच्यासाठी इतका खटाटोप नको. सैल तिपेडी वेणी घाला, टोक एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने पेडांच्या कडा खालून वर जरा जरा बाहेर ओढा. वेणी दीडपट रुंद दिसते. बांधण्याआधी टाळूपाशी बोटं घालून केस किंचित पुढे ढकला. एवढं पुरतं.

शेवटी सोडण्याविषयी, कारण केस बांधताना तुटत नाहीत तितके रात्री घाईत सोडताना तुटतात. आधी फुलं काढावी, मग आकडे, मग गंगावन. स्प्रे मारलेला असेल तर कोरड्या केसांत कंगवा घालूच नये. गुंतवलेल्या भागाला भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावून दहा मिनिटं थांबावं. मग रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात करावी आणि दोन-दोन बोटं वर सरकत मुळाकडे यावं. एका हाताने बट वर घट्ट धरलेली असावी, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. नवरी दमलेली असते, तिला हे जमत नाही. घरातल्या कोणीतरी मागे बसून हे काम करावं, आणि त्यासाठी अर्धा तास आधीच राखून ठेवावा.