जर्मन भूतकाळाची वाट

रुग्णालयांत पाळी बदलतांना 'औषध दिलें' असें सांगावयाचें, तेथें परिचारिका 'औषध देतें' असें म्हणाली, तर रोग्यास तेंच औषध दुसऱ्यांदा मिळण्याचा धोका असतो. भूतकाळ हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे. २०२४ सालीं महाराष्ट्र शासन व जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य यांच्यांत कुशल मनुष्यबळाविषयीं करार झाला. अशा वेळीं एरंडोलसारख्या गांवींहि कोणा तरुणास जर्मन शिकावीशी वाटली, तर तें साहजिकच आहे.

नवशिका प्रथम 'लेर्नेन' म्हणजे शिकणें हें क्रियापद घेतो. लेर्नेन, लेर्न्टे, गेलेर्न्ट ही वाट सरळ आहे. पुढें गाणें या अर्थाचें झिंगेन, झांग, गेझुंगेन येतें आणि स्वर पालटलेला पाहून त्याचा धीर सुटतो. व्याकरणकार याकोब ग्रिम यानें पहिल्या वर्गास दुर्बल व दुसऱ्यास सबल म्हटलें. कारण दुसरा वर्ग प्रत्ययाच्या कुबडीवांचून, अंगच्या स्वरानेंच भूतकाळ दाखवितो. त्यांतहि शिस्त आहे. पिणें या अर्थाचें ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन हें झिंगेनच्याच पावलांवर चालतें.

मराठी तरी कोठें सरळ आहे? करणें याचें केलें, जाणें याचें गेला, मरणें याचें मेला! मराठी घरांतील मूल हीं रूपें शाळेंत जाण्यापूर्वींच ऐकून ऐकून शिकतें. 'त्यानें केलें' पण 'तो गेला' हा भेदहि आपल्या अंगवळणीं पडलेला असतो. जर्मन बोलण्यांत पहिल्या ठिकाणीं 'हाबेन' व दुसऱ्या ठिकाणीं 'झाइन' हें साहाय्यक क्रियापद येतें. मात्र हें साम्य सर्वत्र टिकत नाहीं. 'तो हसला' येथें जर्मन माणूस 'हाबेन'च योजतो. स्थान किंवा स्थिति पालटली तर बहुधा 'झाइन', एरव्हीं 'हाबेन', ही खूण अधिक भरंवशाची.

म्हणून तिन्ही रूपें पाढ्यांप्रमाणें एका दमांत, मोठ्यानें म्हणावीं. बोलण्यासाठीं साहाय्यक क्रियापदाचें रूप आधीं पक्कें करावें. छापील कथांतून आढळणारें साधें रूप मागाहून येईल.

एरंडोल म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी तेथील जुनी समजूत आहे. त्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं बर्लिनच्या विद्यापीठासाठीं शाकटायनाच्या व्याकरणावरील प्रबंध जर्मन भाषेंतच लिहिला होता. त्यांनाहि झिंगेन, झांग, गेझुंगेन हा पाठ चुकला नसेल.