पहिल्यांदा लाँचमध्ये बसताना

सुट्टीत मुलांना घेऊन घारापुरीची लेणी बघायला जाणार ना? मुंबईत गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. बोट लागू नये म्हणून हलकं खाऊन निघा, लाँचच्या मधोमध बसा, नजर लांब ठेवा. वर चढायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, तेव्हा सकाळीच निघा. उतरताच परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारून ठेवा.

आणि लाइफ जॅकेट विसरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर लाँचला नौदलाची बोट धडकली, माणसं गेली. म्हणून बसल्याबरोबर जॅकेट घाला, पट्टे आवळा. मुलांसाठी त्यांच्या मापाचं मागा. मागायला लाजायचं नाही, तिकीट काढलंय आपण! मग खुशाल समुद्र बघा.