आईनं परत पाठवलं



२३ मे १९९९. विश्वचषकात ब्रिस्टलच्या मैदानावर केनियाविरुद्ध सचिन तेंडुलकरनं १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या आणि शतक झाल्यावर आभाळाकडे पाहिलं. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही हे चित्र पाठ आहे. त्याचे वडील, प्राध्यापक रमेश तेंडुलकर, १९ मेला गेले होते. म्हणजे अजून दहावाही व्हायचा होता. ज्या दिवसांत आपल्याकडे देवाला हात लावत नाहीत, घरात गोडधोड करत नाहीत, त्या दिवसांत हा मुलगा सातासमुद्रापार पॅड बांधून उभा होता.

त्या खेळीबद्दल भरपूर बोलून झालंय. मला आज बोलायचंय ते टीव्हीवर न दिसलेल्या माणसांबद्दल.

त्या शतकाच्या काही दिवस आधी, लेस्टरच्या हॉटेलात रात्री सचिननं खोलीचं दार उघडलं, तर समोर अंजली, आणि तिच्यासोबत अजय जडेजा आणि रॉबिन सिंग. अशा अवेळी बायको दारात आणि बरोबर संघातले दोघं. कुणी तोंड उघडण्याआधीच पोटात गोळा आला असणार. तो मुंबईला निघाला, आणि त्याच दिवशी लेस्टरला भारत झिंबाब्वेकडून तीन धावांनी हरला. सामना जवळजवळ हातात आला असताना हेन्री ओलोंगानं एकाच षटकात तीन बळी घेतले. पुढे आपण सुपर सिक्समध्ये पोहोचलो खरे, पण शून्य गुण घेऊन. त्या तीन धावा आपण सचिनच्या खात्यात कधी मांडल्या नाहीत, हे चांगलंच झालं. मात्र एक शंका मनात येते. तो परत आला म्हणून आपण इतके उदार झालो का? तेराव्यापर्यंत तो घरीच राहिला असता, तर कट्ट्याकट्ट्यावर काय चर्चा झाली असती?

त्याला परत पाठवलं आईनं. रजनी तेंडुलकर, आयुर्विमा महामंडळात नोकरी करून चार मुलांचं घर सांभाळलेली बाई. घरात तू बसून राहावंस हे वडिलांनाही आवडलं नसतं, अशा अर्थाचं तिनं त्याला सांगितलं आणि तो विमानात बसला.

आता हैदराबादला चला. २० नोव्हेंबर २०२०. मोहम्मद सिराजचे वडील गेले. रिक्षा चालवून त्यांनी मुलाच्या क्रिकेटचा खर्च भागवला होता. सिराज तेव्हा ऑस्ट्रेलियात, संघासोबत विलगीकरणात. करोनाचे दिवस. नेहमी असं झालं की खोली सहकाऱ्यांनी भरून जाते, कुणी चहा आणून देतो, कुणी नुसताच शेजारी बसतो. इथे तेही धड शक्य नव्हतं. क्रिकेट मंडळानं परत जाण्याची मुभा दिली होती. पण आईनं फोनवर सांगितलं, तिथेच थांब, वडिलांचं स्वप्न पुरं कर. तो थांबला. मेलबर्नला कसोटीत पदार्पण केलं, सिडनीला राष्ट्रगीत सुरू असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, ब्रिस्बेनला ७३ धावांत पाच बळी घेतले आणि मालिकेत एकूण तेरा. जानेवारीत हैदराबादला उतरल्यावर तो आधी घरी गेला नाही. विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीवर गेला.

ज्या बाईचा जोडीदार नुकताच गेला, तीच दोन्ही घरांत मुलाला म्हणाली की तू तुझ्या कामाला लाग. असं काही ऐकलं की आपल्या तोंडात लगेच तानाजी येतो, आधी लगीन कोंडाण्याचं. वर्तमानपत्रांचे मथळेही त्याच चालीवर निघतात: आधी देश, मग घर. मला ही चाल थोडी खोटी वाटते. त्या दोघींनी देशाचा विचार केला नसेल असं मी म्हणत नाही, पण त्याआधी त्यांनी पोराचा विचार केला असावा. एरवी आपल्या घरांत काय होतं? तेरावा झाला की थोरलं कुणीतरी म्हणतंच, जा बाबा आता ऑफिसला, कामात जीव रमेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यापासून सांगत कोपऱ्यात बसलेला मुलगा आईला बघवत नाही. या आयांनी तेच थोडं लवकर सांगितलं, इतकंच. त्यातलं शहाणपण घरगुती आहे. त्याला पोवाड्याची चाल आपण लावली.

आणि ती चाल लागली की जो खेळाडू थांबत नाही, घरी जातो, तो आपोआप उणा ठरतो. खरी गोम तिथे आहे.

कधी कधी तर निवड करायलाही फारसा वाव नसतो. जून २०१९ मध्ये हिरोशिमाला महिला हॉकीची महत्त्वाची स्पर्धा चालू होती. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीची वाट तिथूनच जात होती. चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या तोंडावर भारताच्या लालरेमसियामीला वडील गेल्याचं कळलं. वय एकोणीस, गाव मिझोराममधलं, कोलासिबजवळ. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिरोशिमाहून विमानं बदलत दिल्ली, मग ईशान्येकडे आणखी एक विमान, आणि तिथून डोंगरातला रस्ता. लगेच निघाली असती तरी वडिलांचं तोंड बघायला मिळालं असतं का, सांगता येत नाही. ती थांबली, खेळली. अंतिम सामन्यात जपानला ३-१ हरवून मगच ती गावी आईकडे गेली. निर्णय तिचाच होता, तिनं तो स्वतः प्रशिक्षकांना सांगितला.

हॉकीपटू वंदना कटारियाचं तसं नव्हतं. मे २०२१ मध्ये वडील गेले तेव्हा ती बंगळुरूच्या शिबिरात होती. टोकियो ऑलिंपिक दोन महिन्यांवर आलेलं आणि भोवती करोनाचं रिंगण. ती अंत्यसंस्काराला हरिद्वारजवळच्या आपल्या गावी जाऊ शकली नाही. पुढे टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेलो.

एक गोष्ट मात्र माझ्या गळ्याखाली उतरत नाही, आणि ती स्पेनमधली आहे. २० ऑगस्ट २०२३, सिडनी, महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. ओल्गा कारमोनानं इंग्लंडविरुद्ध गोल केला आणि त्या एकाच गोलवर स्पेन जगज्जेता झाला. गोल झाल्यावर तिनं जर्सी वर केली. आतल्या बनियनवर एका मैत्रिणीच्या नुकत्याच वारलेल्या आईचं नाव होतं. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या दुःखाची आठवण ती अंगावर वागवत होती, आणि तिचे स्वतःचे वडील दोन दिवसांपूर्वी गेले होते, ते तिला ठाऊक नव्हतं. घरच्यांनी सामना होईपर्यंत तिला सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. चषक हातात आल्यावर तिला कळलं.

घरच्यांचं प्रेम समजतं. परीक्षेच्या दिवशी आजी गेल्याचं मुलांपासून लपवणारी घरं आपल्याकडेही आहेत. पण तेवीस वर्षांच्या बाईपासून तिच्या बापाचा मृत्यू लपवावा का? माझं मत विचाराल तर नाही. निरोप पोहोचवायचा आणि मग तिला ठरवू द्यायचं. ती खेळलीही असती कदाचित. कुणी सांगावं?

आता फिरकी गोलंदाज अश्विनकडे येतो. १६ फेब्रुवारी २०२४, राजकोट, इंग्लंडविरुद्धची कसोटी. दुपारी झॅक क्रॉलीला बाद करून त्यानं कसोटीतला पाचशेवा बळी घेतला. संध्याकाळी कळलं, चेन्नईला आई कोसळली. अश्विननं नंतर स्वतः सांगितलंय की तो खोलीत नुसता बसून होता. सामना अर्ध्यावर, अकरातला एक आपण, कसं विचारायचं जाऊ का म्हणून? त्यानं विचारलंच नाही. आपला बोरिवलीचा रोहित शर्मा खोलीत आला आणि बॅग भर, निघ म्हणाला. त्या वेळी राजकोटहून चेन्नईला जायला विमान नव्हतं. मंडळानं खास विमानाची सोय केली, चेतेश्वर पुजारानं त्यासाठी फोनाफोनी केली, आणि वाटेत अश्विन एकटा नको म्हणून रोहितनं संघाचा फिजिओ सोबत दिला. सामन्याच्या मध्यावर आपला मुख्य फिरकी गोलंदाज घरी पाठवायचा आणि वर फिजिओही द्यायचा! मला ही कर्णधारपदाची खेळी त्या सामन्यातल्या कुठल्याही शतकाइतकीच मोठी वाटते.

तिसऱ्या दिवशी भारत एक गोलंदाज कमी घेऊन उतरला. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, गोलंदाजी करू शकत नाही. इंग्लंड २ बाद २२४ वर होता, आणि तिथून ३१९ मध्ये सगळा संघ गुंडाळला गेला. चार बळी कुणाचे, तर मोहम्मद सिराजचे.

तिकडे चेन्नईच्या रुग्णालयात अश्विनची आई मधूनमधून शुद्धीवर येत होती. मुलगा दिसल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? तू कशाला आलास? सामना चालू आहे ना, परत जा.

चौथ्या दिवशी तो परत आला. मधेच बाहेर गेलेल्या खेळाडूला परतल्यावर लगेच गोलंदाजी करता येत नाही, तेवढा वेळ थांबावं लागतं. पण कारण पूर्णपणे रास्त असेल तर ही अट लागू होत नाही, अशी सोय क्रिकेटच्या नियमांत आहे. अश्विननं त्याच संध्याकाळी चेंडू हातात घेतला आणि टॉम हार्टलीचा बळी मिळवला. पाचशे एक. भारत ४३४ धावांनी जिंकला.