संमोहनोपचार : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा



संमोहन हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो रंगमंचावरील जादूगार. त्याने चुटकी वाजविताच प्रेक्षक झोपी जातो आणि सभागृह हसते. या दृश्यामुळे समाजात दोन समजुती रुजल्या : संमोहनकर्त्यापाशी काही अलौकिक शक्ती असते आणि संमोहित व्यक्ती पूर्णतः त्याच्या अधीन होते. या दोन्ही समजुती निराधार आहेत.

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर या वैद्याने पॅरिसमध्ये चुंबकत्वासारख्या एका अदृश्य शक्तीने रोग बरे करण्याचा दावा केला. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने १७८४ साली प्रयोगांती निर्णय दिला की अशी कोणतीही शक्ती नाही. परिणाम घडतो तो रुग्णाच्या कल्पनेमुळे. मेस्मरचा दावा कोसळला. कल्पनेचे सामर्थ्य मात्र त्यातूनच प्रत्ययास आले. पुढे १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने भुलीच्या औषधावाचून, याच पद्धतीने शस्त्रक्रिया केल्या. १८४७ साली क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली.

आजचा संमोहनोपचार साधा आहे. प्रथम उपचारक रुग्णाची सविस्तर माहिती घेतो व त्याची संमती मिळवितो. नंतर श्वासावर अथवा एखाद्या बिंदूवर लक्ष स्थिरावून शरीर शिथिल केले जाते. ही निद्रा नव्हे. रुग्णाला सारे ऐकू येते, नको असलेली सूचना तो नाकारू शकतो. अवधान एकवटल्यामुळे चिकित्सक मन काहीसे शांत होते आणि हितकारक सूचना सहज स्वीकारली जाते. पुढे रुग्ण स्वतःच घरी सराव करतो. त्यालाच स्वसंमोहन म्हणतात.

वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, चिंता यांवर या उपचाराचा पूरक म्हणून लाभ होतो. ब्रिटनमधील शासकीय मार्गदर्शक सूचनांनी २००८ साली, बारा महिने औषधे घेऊनही न शमणाऱ्या आतड्याच्या चिवट विकारात संमोहनोपचाराचा विचार करावा, असे सुचविले. धूम्रपान सोडविण्याबाबत मात्र पुरावा अपुरा आहे. मधुमेह, कर्करोग यांसारख्या व्याधी संमोहनाने बऱ्या होत नाहीत. भास-भ्रम होणाऱ्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून संमोहित करणे धोक्याचे ठरू शकते.

नागपूरला हा विषय परका नाही. १९८२ साली याच शहरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. तिचे संस्थापक प्रा. श्याम मानव स्वसंमोहनाच्या कार्यशाळांसाठीही परिचित आहेत. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे अशा तथाकथित भानामतीमागे बहुधा घरातीलच एखादी मनाने पिचलेली व्यक्ती असते, हे या चळवळीने दाखवून दिले. अशा व्यक्तीला चारचौघांत उघडे न पाडता विश्वासात घ्यावे आणि तिचे दुःख जाणावे, हा तिचा दंडक. त्याच व्यक्तीला पूर्वी मांत्रिकाकडे नेऊन मारहाण होत असे. भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी अशी मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरली आहे.

आणखी एका बाबतीत जैन समाजाने विशेष सावध असावे. संमोहनाद्वारे पूर्वजन्म दाखविण्याचे दावे केले जातात. पुनर्जन्म हा आपल्या श्रद्धेचा व तत्त्वज्ञानाचा विषय आहे. परंतु संमोहित मन सूचनेनुसार प्रसंग रचू शकते आणि ते खऱ्या स्मृतीइतकेच स्पष्ट भासतात. शुल्क घेऊन घडविलेल्या अशा दर्शनाची शास्त्रांतील जातिस्मरण ज्ञानाशी सांगड घालणे उचित नव्हे.

प्रतिष्ठेच्या भयाने मनाचे दुखणे झाकून ठेवणारी कुटुंबे आजही आहेत. मुलीचे लग्न व्हायचे आहे, व्यापारात नाव आहे, म्हणून आजार लपविला जातो आणि तो बळावतो. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; टेलि-मानस ही शासनाची १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवाही २०२२ पासून उपलब्ध आहे. आधी तज्ज्ञाकडून निदान, मग त्याच्या सल्ल्याने संमोहन, हाच क्रम सुरक्षित होय. देहाच्या ज्वराची लाज वाटत नाही, तशी मनाच्या ज्वराचीही वाटू नये. पीडित मनाला वेळीच उपचारापर्यंत नेणे, हीसुद्धा जीवदयाच आहे.