कोऱ्या कागदावरच्या सह्या



गटाच्या बैठकीत हिशेब आटोपला, की हल्ली मोबाईलवरच्या मालिकांचा विषय निघतो. खुनाच्या मालिका तर फारच. एक पत्रकार, एक बुवा, मठाभोवती पडणारी प्रेतं आणि शेवटच्या भागात फुटणारं गुपित. आम्ही सहयोगिनीही त्या आवडीनं बघतो, खोटं कशाला बोला! आज मात्र अमेरिकेत खरी घडलेली गोष्ट सांगतो. तिच्यात गुपित असं उरलंच नव्हतं. पुष्कळांना कळलं होतं, पण ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

जिम जोन्स नावाचा धर्मोपदेशक. 1950 च्या दशकात इंडियानापोलिस शहरात त्यानं आपला पंथ काढला, नाव पीपल्स टेंपल. पुढे तो माणसांसकट कॅलिफोर्नियात गेला. तिथे काळे-गोरे शेजारी बसत, भुकेल्याला जेवण मिळे, म्हाताऱ्यांची सोय होई. लोक वेडे होते म्हणून गेले नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. त्या काळात काळ्या बाईला असा मान फार ठिकाणी मिळत नव्हता. मग हळूहळू पगार पंथाकडे, घर पंथाच्या नावावर, म्हातारीची पेन्शन पंथाच्या हातात. कोऱ्या कागदांवर सह्या करून घेत. प्रार्थनेनं कॅन्सर बाहेर काढला म्हणून कोंबडीचं काळीज-आतडं दाखवत.

1972 साली लेस्टर किन्सॉल्व्हिंग या पत्रकारानं सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनर दैनिकासाठी आठ लेख लिहिले. चार छापून आले. पंथाचे लोक दारात निदर्शनं करू लागले, कोर्टाची धमकी आली, आणि उरलेले चार राहून गेले. चार वर्षांनी तर महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण आयोगावर बसवलं! मोठ्या माणसाच्या शेजारी फोटो निघाला की आपल्याकडे तरी कोण हिशेब मागतं?

1977 मध्ये मार्शल किलडफ आणि फिल ट्रेसी यांनी न्यू वेस्ट मासिकात लेख लिहिला. पंथ सोडून आलेली माणसं त्यात स्वतःच्या नावानिशी बोलली. मारहाण, खोटे चमत्कार, लाटलेले पैसे, सगळं सांगितलं. लेख बाजारात येण्याआधीच जोन्स दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात निघून गेला. जंगलात त्याची वसाहत होती, जोन्सटाउन. तिथे हजारेक माणसं गोळा झाली. पासपोर्ट काढून घेतले, पत्रं तपासली जात, भोंग्यावर वेळी-अवेळी त्याचाच आवाज. सगळ्यांनी मिळून मरायचं, याच्या रंगीत तालमीसुद्धा होत.

मे 1978 मध्ये डेबोरा लेटन ही तरुणी तिथून निसटली. पंथाच्या पैशांचं काम तिनं पाहिलेलं होतं. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे महिन्याला सुमारे 65,000 डॉलर येतात आणि माणसं मात्र भातावर दिवस काढतात, असं तिनं शपथपत्रात लिहून दिलं. मरणाच्या तालमींबद्दलही लिहिलं. जून महिना होता. वेळ हातात होता, पण धावाधाव झाली नाही.

नोव्हेंबरमध्ये लिओ रायन हे खासदार पत्रकारांना घेऊन तिथे गेले. पहिल्या रात्री गाणी, नाच, जेवण. त्या गडबडीत कुणीतरी एनबीसीच्या डॉन हॅरिस या वार्ताहराकडे चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी, 18 नोव्हेंबरला, पंधराएक जण पाहुण्यांबरोबर निघाले. विमानाच्या धावपट्टीवर पंथाच्या लोकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. रायन, हॅरिस, कॅमेरामन बॉब ब्राउन, छायाचित्रकार ग्रेग रॉबिन्सन आणि घरी परत निघालेली पॅट्रिशिया पार्क्स, असे पाच जण गेले. एक्झॅमिनरचे टिम रायटरमन जखमी झाले, वाचले. पुढे त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं.

त्याच संध्याकाळी वसाहतीत सरबतात सायनाइड कालवलं. आधी लहान मुलांना दिलं. त्या दिवशी सगळे मिळून 918 माणसं मेली, त्यांत 300 हून जास्त मुलं. याला सामूहिक आत्महत्या म्हणायची पद्धत आहे. आम्ही म्हणणार नाही. तान्हं लेकरू आत्महत्या करतं का? आणि भोवती बंदूकवाले उभे असताना मोठ्यांनी तरी काय करायचं?

त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत सापडली आहे. शेकडो माणसांत क्रिस्टीन मिलर या साठीच्या काळ्या बाई उठून बोलल्या. आपल्याला रशियाला जाता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. मुलांना जगायचा हक्क आहे, म्हणाल्या. जोन्स उत्तरं देत राहिला, त्याही हटेनात. शेवटी गप्प बसवलं ते शेजारच्या माणसांनीच, ओरडून. क्रिस्टीनबाई तिथेच गेल्या. हायसिंथ थ्रॅश नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी त्या सभेला गेल्याच नाहीत, खोलीतच राहिल्या. सकाळी बाहेर आल्या तर सगळीकडे शांत. त्यांची बहीणही मेलेल्यांत होती.